नाताळबाबाची वही

रूथने नाताळबाबाला पत्र लिहिलं आणि ते बायबलमध्ये, स्तोत्रसंहितेच्या पानांत ठेवून दिलं. घरातून वर जाणारं टपाल त्याच पुस्तकातून जात असणार, असा तिचा साधा हिशेब. बायबल तिच्या पप्पांचं होतं. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला विनय सरांनी ते उघडलं आणि कागद मांडीवर पडला. ‘प्रिय नाताळबाबा, मला लाल सायकल पाहिजे. मी यंदा भावाला फक्त दोनदा मारलं आहे.’

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला, स्तोत्र वाचलं, आमेन म्हटलं. मुलं झोपल्यावर मात्र स्वयंपाकघरात करंज्या लाटणाऱ्या जेसिंतासमोर तो कागद ठेवला.

“हे तू शिकवलंस?”

“पत्र लिहायला शाळेत शिकवतात,” जेसिंता म्हणाली. “मी फक्त पत्ता सांगितला.”

विनय सर नगरच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतात. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी बोलताना लोकांच्या तोंडी अजून नगरच येतं. रविवारी सर चर्चच्या शब्बाथशाळेचे अधीक्षक असतात. जेसिंता वसईची, कॅथलिक घरातली. लग्न होऊन प्रॉटेस्टंट घरात आली. शब्बाथशाळेच्या लहान वर्गाला तीच शिकवते. घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे सरांची आई, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. भांडण सुरू झालं की आजी मधे पडत नसे. खुर्ची थोडी जवळ ओढून घेत असे, एवढंच.

सरांचं म्हणणं सरळ होतं. मुलांना आपण सांगतो, खोटं बोलू नका. आणि वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी आपणच त्यांना सांगतो की उत्तर ध्रुवावरून एक म्हातारा हरणांच्या गाडीतून येतो. उद्या मुलीला कळलं की तो नव्हताच, तर परवा ती विचारेल, मग येशूचं काय? तोही तुम्हीच सांगितला होता ना?

“मला सातव्या वर्षी कळलं,” जेसिंता म्हणाली. “मी अजून मध्यरात्रीची मिस्सा चुकवत नाही. चुकवता तुम्ही, झोप येते म्हणून.”

सर इतिहासाचे, त्यामुळे ते लगेच सतराव्या शतकात गेले. नगरची प्रॉटेस्टंट मंडळी उभी केली अमेरिकन मराठी मिशनने. हे मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली नगरला. ते बहुतेक काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे वारस. त्या प्युरिटनांना बायबलमध्ये नसलेलं काहीच चालत नसे आणि 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. 1659 साली मॅसॅच्युसेट्सात त्यांनी कायदाच केला, की नाताळ साजरा करताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा 22 वर्षं टिकला.

“आपण त्या लोकांच्या परंपरेतले आहोत,” सर म्हणाले.

“मग दंड कापून घ्या,” जेसिंता म्हणाली. “भिशीचे पैसे लागलेत मला. सायकलीचे वगळून जे उरतील त्यातून पाच शिलिंग घ्या.”

आजी हसली. सरांना सायकल आधीच ठरल्याचं त्या क्षणी कळलं, पण त्यांनी विषय सोडला नाही. इथे एक गंमत नोंदवायला हवी. ज्या देशातून नाताळला दंड करणाऱ्यांचे वारस नगरला आले, त्याच देशातून हा लाल डगल्याचा म्हाताराही आला. 1823 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली आणि त्याला आठ हरणं मिळाली. 1863 पासून टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने त्याला अंग, दाढी आणि पोट दिलं. 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो जगभर फिरवला. एकाच गावाहून आलेले दोन पाहुणे आपापसांत बोलत नव्हते आणि नगरच्या एका स्वयंपाकघरात त्यांची गाठ पडली होती.

दुसऱ्या दिवशी जेसिंताने डाव उलटवला. शब्बाथशाळेच्या नाताळच्या नाटकाची तालीम चालू होती. नाटक दरवर्षी सरच लिहीत.

“एक विचारू?” ती म्हणाली. “लूकच्या शुभवर्तमानात धर्मशाळेचा मालक कुठे आहे?”

सर थांबले. उतारशाळेत जागा नव्हती एवढं लूक लिहितो. मालकाचं नावही तिथे नाही. सरांच्या नाटकात मात्र मालकाला दीड पान संवाद होता, कंदील होता आणि खोकलाही होता.

“आणि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी किती?”

“संख्या दिलेली नाही.”

“राजे होते?”

“नव्हते.”

“मग आपल्या धाकट्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट कोणी चिकटवला?”

सर म्हणाले, नाटक वेगळं. नाटक आहे हे मुलांना माहीत असतं. हा फरक खोटा नाही, आणि ज्या पालकांनी या प्रश्नावर खरंच डोकं शिणवलंय त्यांना तो ठाऊक असतो. गोष्ट सांगणं वेगळं आणि गोष्ट खरी आहे असं डोळ्यांत डोळे घालून ठासून सांगणं वेगळं. पण सरांनी तो ज्या चपळाईने काढला, त्यावरून तो त्यांना नुकताच सुचला असावा.

मग सरांनी शेवटचं शस्त्र काढलं. 23 डिसेंबर 1951 रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात, कॅथेड्रलच्या पटांगणात, धर्मशिक्षणाला येणाऱ्या शेकडो मुलांसमोर नाताळबाबाचा पुतळा जाळला गेला. जाळणाऱ्यांना धर्मगुरूंचाही पाठिंबा होता. त्यांचं म्हणणं, या पाखंडी म्हाताऱ्याने बाळ येशूचा सण बळकावला. ते प्रकरण इतकं गाजलं की क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानववंशशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षी त्यावर मोठा निबंध लिहिला.

“तुमच्या मुंबई-वसईकडे तरी दुसरं काय करतात?” आजी सुनेला म्हणाली. “एकतीस डिसेंबरला म्हातारा जाळताच की.”

“तो सरलेल्या वर्षाचा म्हातारा, आई. त्याने काही दिलेलं नसतं.”

“आणि त्या मुलांचं काय झालं?” आजीने लेकाला विचारलं. “ज्यांच्यासमोर जाळला त्यांचं?”

सरांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाताळबाबा नगरपालिकेच्या छपरावर जिवंत होऊन मुलांशी बोलला, हे माहीत होतं. शहराचा महापौर स्वतःच धर्मगुरू होता, हेही माहीत होतं. मुलांचं कोणी लिहून ठेवलेलं त्यांच्या वाचनात आलं नव्हतं.

आता चर्चमधली पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. शब्बाथशाळेच्या नाताळ कार्यक्रमात नाताळबाबा येतो, ही प्रथा कमिटीने काही वर्षांपूर्वी सुरू केली होती. मुलांची हजेरी वाढली, आजी-आजोबा पुढच्या रांगेत बसू लागले, त्यामुळे ती टिकली. व्यवस्था अशी की पालकांनी आपापल्या मुलाची भेट कागदात बांधून, वर नाव लिहून, आदल्या दिवशी गुपचूप चर्चच्या कार्यालयात द्यायची. कार्यक्रमात नाताळबाबा पोत्यातून एकेक पुडकं काढतो, नाव पुकारतो, मूल स्टेजवर जातं, फोटो निघतो. ज्यांच्या घरून काही येत नाही त्यांना मंडळीतर्फे भेट. ती सगळ्यांना एकच असते, म्हणजे खजिनदारांना घाऊक भावात जे मिळेल ते. त्या वर्षी कंपासपेट्या मिळाल्या होत्या.

सरांना ही प्रथा नापसंत होती, पण ती नाताळबाबाच्या अंगाने. पुडक्यांच्या अंगाने त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तसं पाहिलं तर कोणीच पाहिलं नव्हतं.

आणि जेसिंता? तालमीत चाळीस मुलं आवरताना तिला एक युक्ती सापडली होती. मेंढपाळ देवदूतांना काठ्या मारू लागले की ती म्हणे, “नाताळबाबाकडे वही आहे बरं. कोण कसं वागतंय, सगळं लिहितो. वहीत जसं असेल तशी भेट.” लगेच हॉल शांत होई. हे तिने शोधलेलं नव्हतं. तिच्या आईने वसईला तिला असंच गप्प केलं होतं. त्याच हॉलमध्ये मोठ्या मुलांच्या वर्गात विनय सर शिकवत होते की देव सगळं पाहतो, झाकलेलं असं काही राहत नाही. दोन वर्गांच्या मधे पडदा होता, भिंत नव्हती.

शमू त्या पडद्याजवळ बसायचा. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंचा मुलगा, वय 8. त्या वर्षी वचनपाठाच्या स्पर्धेत पहिला आला होता. स्तोत्र 103 अख्खं, अडखळल्याशिवाय. आईबरोबर रोज चर्चमध्ये येऊन रिकाम्या बाकांसमोर म्हणून म्हणून पाठ केलेलं.

कार्यक्रम छान झाला. पेटी-तबल्यावर भजनं झाली, धर्मशाळेच्या मालकाचा खोकला सगळ्यांना आवडला, धाकट्याचा मुकुट एकदाच पडला. मग घंटा वाजली आणि नाताळबाबा आला. दाढीमागे मंडळीतले एक काका होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पोत्यातून रिमोटची गाडी निघाली, सव्वाहाती बाहुली निघाली, क्रिकेटचा पूर्ण सेट निघाला. रूथचं नाव पुकारलं तेव्हा पोत्यातून काही निघालं नाही. दोन तरुणांनी पडद्यामागून लाल सायकल ढकलत आणली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. सरांनी जेसिंताकडे पाहिलं. ‘घरी देऊ, आम्ही दिली म्हणून सांगू’ असं त्यांचं दोघांचं ठरलं होतं. जेसिंता टाळ्या वाजवण्यात गुंतली होती.

शमूचं नाव शेवटून पाचवं आलं. कंपासपेटी. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि फोटोसाठी हसला.

नाताळनंतर दोन दिवसांनी सर हॉलमधली सजावट उतरवत होते. शमूची आई खाली पडलेली चमकी झाडत होती. शमू आला. कंपासपेटी पुन्हा त्याच रंगीत कागदात नीट बांधलेली.

“सर, ही परत द्यायची होती.”

“का रे? आवडली नाही?”

“आवडली. पण अगोदर एक सांगायचं होतं.” त्याने मागे पाहिलं, आई लांब आहे याची खात्री केली. “पाळकसाहेबांच्या दारातली बोरं मी पाडलीत. तीनदा. दोनदा दगडाने, एकदा वर चढून. ते कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. वहीतून खोडता येईल का? पुढच्या वर्षी बॅट मागायची आहे.”

सर स्टुलावर उभे होते. हातात कागदी चांदणी. तीन आठवडे ते ज्या वाक्यासाठी भांडले ते वाक्य म्हणायची याहून चांगली वेळ आली नसती. नाताळबाबा नसतो, बाळा. तो नाही, त्याची वही नाही. तोंड उघडलंही.

पण त्या वाक्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येणारच होतं. मग भेटी कोण आणतं? आई-बाप आणतात. म्हणजे रूथच्या आईने रूथला सायकल आणली. त्या क्रिकेट सेटवाल्याला त्याच्या पप्पांनी सेट आणला. आणि मला? हॉलच्या त्या टोकाला झाडूचा आवाज चालू होता. नाताळबाबा खरा मानला तर शमू वाईट मुलगा ठरत होता. खोटा मानला तर त्याची आई कमी पडलेली ठरत होती. सरांनी आयुष्यभर सत्य ही सरळ गोष्ट मानली होती. इथे ते सत्य सांगायला गेले असते तर त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली असती, आणि तेही झाडू हातात धरून.

ते स्टुलावरून उतरले. “चल, घरी चहा घेऊ,” म्हणाले.

घरी अंगणात रूथ सायकल चालवायचा प्रयत्न करत होती. शमूने दोन मिनिटं पाहिलं, मागचा ब्रेक घासतोय असं सांगितलं आणि पाना मागितला. ब्रेक सैल करून झाल्यावर तो हात धुऊन ओट्यावर बसला. सरांनी आईला आत जाऊन सगळं सांगितलं. जेसिंता चहा गाळत होती. तिने गाळणं तसंच हातात धरलं.

आजी बाहेर आली. “वहीचं काय म्हणत होतास?” तिने विचारलं. मग उत्तराची वाट न पाहता गोष्ट सुरू केली. हिला ही सवय आहे. दवाखान्यातही इंजेक्शन देण्याआधी विचारायची आणि उत्तराआधी सुई टोचून मोकळी व्हायची.

तुर्कस्तानात मायरा नावाचं गाव होतं, आता त्याला देमरे म्हणतात. चौथ्या शतकात तिथे निकोलस नावाचा बिशप होता. त्याच्याबद्दल पक्कं फार थोडं माहीत आहे, जे आहे ते बहुतेक मागाहून सांगितलेल्या गोष्टी आहेत, हे सरांनी दारातून घातलेलं पुरवणी वाक्य. त्याच्या गोष्टींपैकी सरांना स्वतःला एकच आवडायची: निकियाच्या धर्मपरिषदेत त्याने खोटी शिकवण देणाऱ्या अरियसच्या मुस्काटात मारली ती. दुर्दैवाने तीच गोष्ट सर्वांत उशिरा लिहिलेली आहे आणि इतिहासकार तिच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवतात.

आजीला मुस्काटात मारण्यात रस नव्हता. तिने तीन बहिणींची गोष्ट सांगितली. एक माणूस होता, पूर्वी बऱ्यापैकी, नंतर कंगाल झालेला. तीन मुली लग्नाच्या. हुंड्याला पैसा नाही. हुंडा नाही तर लग्न नाही, आणि लग्न नाही तर पोरींना विकायची पाळी आली. निकोलसला हे कळलं. तो रात्री गेला आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून पळाला. थोरलीचं लग्न झालं. मग दुसरी थैली. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला आणि पाठीमागे धावत जाऊन त्याला पकडलं. निकोलस म्हणाला, कोणाला सांगायचं नाही.

“हुंडाच दिला म्हणायचा तुमच्या संताने,” आजी सुनेला म्हणाली. तिला हे टोचल्याशिवाय राहवत नाही. सुनेने या वेळी उत्तर दिलं नाही.

शमू विचार करत होता. “त्या मुलींनी आधी काय केलं होतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे चांगलं काय केलं होतं? त्यांना सोनं मिळालं ते.”

“कुठेच लिहिलेलं नाही,” आजी म्हणाली. “गरीब होत्या, एवढंच लिहिलंय.”

रूथ सायकल भिंतीला लावून आली होती. “हाच तो नाताळबाबा? परवा आला होता तो?”

अंगणात कोणी बोलेना. सरांनी जेसिंताकडे पाहिलं, जेसिंताने सरांकडे. लग्नाच्या इतक्या वर्षांत एखादं वाक्य दुसऱ्याने बोलावं असं दोघांनाही एकाच वेळी वाटण्याची ही पहिलीच खेप असावी.

“परवाचे कंडक्टर काका होते,” शमू म्हणाला. “‘पुढे सरका, दाराशी गर्दी करू नका’ असं दुसरं कोण म्हणतं?”

“मला माहीत होतं,” रूथ घाईने म्हणाली.

“पण वही आहे ना, सर?” शमूने सरांकडे वळून विचारलं. “वहीचं तर मॅडमनी सांगितलंय.”

या ठिकाणी मला थोडं थांबावंसं वाटतं. पालक ज्यावरून रात्री जागवतात तो प्रश्न या मुलाने कंडक्टरच्या आवाजावरून सोडवून टाकला होता. नाताळबाबा आहे की नाही, यात त्याला फारसं गुंतायचंच नव्हतं. दाढी खोटी, डगला भाड्याचा, हे त्याला कळलं होतं आणि त्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं. वही मात्र त्याच्या मनात शाबूत होती. म्हातारा आठव्या-नवव्या वर्षी प्रत्येक मूल आपण होऊन टाकून देतं. वही टाकत नाही. पुढे आजारपण आलं, नोकरी गेली, मूल झालं नाही, की चांगली पन्नाशीची माणसं पाळकांसमोर बसून विचारतात, माझ्या हातून असं काय घडलं? ती वहीच उघडलेली असते. जे धर्मशास्त्र शिकवतं की देवाची कृपा कोणाला कमावता येत नाही, त्याच्याच सणाला आपण मुलांना शिकवतो की भेट वागणुकीच्या प्रमाणात मिळते. मग मुलं भोवती पाहतात. कोणाला काय मिळालं ते मोजतात आणि उलट हिशेब करून कोण किती चांगला ते ठरवतात. सायकलवाले चांगले. कंपासपेटीवाले तेवढे नाहीत. म्हातारा उत्तर ध्रुवावर राहतो की राहत नाही, हा यापुढे फार किरकोळ मुद्दा आहे.

सरांनी नंतर शोध घेतला, त्यांना चैन पडत नव्हती म्हणून. तीन बहिणींच्या गोष्टीत वही नाही. हॉलंडमधल्या सिंटरक्लासकडे, जो 5 डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देतो, जाडजूड पुस्तक आहे. अमेरिकेत 1934 साली रेडिओवर गाजलेल्या एका गाण्याने नाताळबाबाची यादी घरोघर पोचवली. खिडकीतून थैली टाकून पळणाऱ्या माणसाच्या हातात वाटेत कुठेतरी कोणीतरी खातेवही दिली. ती देणारे बहुधा थकलेले आई-बाप असावेत. चाळीस मुलं आवरायची असली की कोणालाही ती हाताशी लागते.

जेसिंता त्या दिवशी शमूला काही बोलली नाही. कंपासपेटी तिने त्याच्या हातात परत दिली आणि बोरांबद्दल पाळकसाहेबांना तू स्वतः सांग, असं सांगितलं. (त्याने सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, वरच्या फांदीची गोड असतात, खालची आंबट. हे शिक्षा म्हणून म्हटलं की माहिती म्हणून, ते शमूला कळलं नाही.) पुढच्या रविवारी लहान वर्गासमोर उभी राहून ती म्हणाली, “वही नाही. कोणाकडेच नाही. मी तुम्हाला गप्प बसवायला सांगितलं होतं.” मुलांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत हॉलमध्ये एवढा गोंधळ झाला की पडद्यापलीकडून सरांना यावं लागलं.

नोव्हेंबरमध्ये कमिटीची बैठक झाली. सरांनी ठराव मांडला: यापुढे कार्यक्रमात नावाची पुडकी नकोत. ज्याला आपल्या मुलाला जे द्यायचं ते त्याने घरी द्यावं. कार्यालयात फक्त पैसे द्यावेत, पाकिटावर नाव न लिहिता, जमेल तेवढे. त्यातून सगळ्या मुलांना एकसारखी भेट घ्यावी.

आधी खजिनदार उठले. नावाशिवाय पैसे आले तर पावती कोणाची फाडायची? वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी छापतो, तिथे काय छापायचं? यावर अर्धा तास गेला. मग नाताळबाबा ठेवायचा की नाही यावर एक तास. सर्वांना वाटलं होतं सर म्हणतील, काढा. सर म्हणाले, कंडक्टर काकांना आवडतं, मुलांना आवडतं, येऊ दे. मात्र त्याने पुडकी वाटताना कोण चांगलं वागलं ते विचारायचं नाही. जेसिंताच म्हणाली की काढून टाका, मला आता त्या डगल्याकडे बघवत नाही. मतदानात डगला तीन मतांनी वाचला.

खरा वाद पुढे होता. एक वडीलधारे सभासद, ज्यांच्या नातवाला गेल्या वर्षी रिमोटची गाडी मिळाली होती, तावातावाने म्हणाले, “सगळ्यांना सारखं? माझा नातू वर्षभरात एक रविवार चुकला नाही. आणि जी पोरं फक्त डिसेंबरात उगवतात, शेवटच्या आठवड्यात, तीही तेच घेऊन जाणार? हा कुठला न्याय?”

पाळकसाहेब इतका वेळ चहात बिस्कीट बुडवत होते. “बंधू,” ते म्हणाले, “द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर गेल्या महिन्यात कॉटेज मीटिंगमध्ये फार सुंदर बोललं होतं कोणीतरी. शेवटच्या तासाला आलेल्यालाही तीच मजुरी. कोण बोललं होतं?”

बोलले होते तेच सभासद. ठराव मंजूर झाला. दोन कुटुंबांनी त्या वर्षी कार्यक्रमाला न यायचं ठरवलं आणि त्यांतलं एक ऐन वेळी आलं.

पावत्यांचा प्रश्न सुटला नाही. पाकिटं मात्र अपेक्षेपेक्षा जास्त आली. एका पाकिटात पाचशेच्या तीन नोटा होत्या आणि कोपऱ्यावर पिठाचा डाग होता. खजिनदारांनी तो डाग दोनदा पाहिला, आजींच्या दिशेने एकदा पाहिलं आणि वहीत ‘अज्ञात’ असं लिहिलं.

धर्मशाळेच्या मालकाला नाटकातून काढायचा सरांचा बेत मुलांनी हाणून पाडला. सगळ्यांत चांगलं काम तेच आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तो राहिला, फक्त सरांनी कार्यक्रमाच्या सुरुवातीला माइकवर सांगितलं की हे पात्र शास्त्रात नाही, आम्ही घातलं आहे. कोणी लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी प्रत्येक मुलाला एकच पिशवी मिळाली: गोष्टींचं एक पुस्तक, एक टेनिस बॉल आणि शंकरपाळ्यांचा पुडा. नाताळबाबा नावं पुकारत नव्हता, नुसता “पुढे सरका” म्हणत होता. शिवाय चार बॅटी घेतल्या होत्या, शब्बाथशाळेच्या कपाटात ठेवायला, सगळ्यांसाठी.

कार्यक्रम संपल्यावर शमू सरांकडे आला. वचनपाठात तो याही वर्षी पहिला होता. या खेपेला डोंगरावरच्या प्रवचनातला पूर्ण पाचवा अध्याय. हातात पिशवी होती आणि कपाळावर आठी.

“सर, तो समोरच्या गल्लीतला पोरगा आला होता ना, पहिल्यांदाच?”

“हो. मग?”

“त्यालाही तेवढंच मिळालं.”

“मिळालं.”

“एकही वचन पाठ नाही त्याला. आमेनसुद्धा उशिरा म्हणाला.”

“मी ऐकलं.”

“मग मी कशाला पाठ केलं एवढं? हे काही बरोबर नाही, सर.”

“कमिटीतही एक जण हेच म्हणत होते,” सर म्हणाले. “त्या पोराला बोलिंग येते का, विचारलंस?”

“डावखुरा आहे,” शमू म्हणाला, अजून रागातच.

“मग टेबलाचं ते टोक धर. हे आत ठेवू आणि कपाटाची किल्ली घेऊन जा.”